पूर्णता ९७ टक्के

गेल्या पावसाळ्यातला रविवार. जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात बाबांचा फोन आला. "अरे, तो कोर्स पुढंच जाईना. व्हिडिओ संपला तरी खालचं बटण उजळत नाही."

बाबा सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. खात्यानं सगळ्यांना ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं, आणि महिनाअखेरपर्यंत पूर्ण केलं नाही तर खुलासा द्यावा लागणार होता. मी विचारलं, "व्हिडिओ चालू असताना दुसरं काही उघडलं होतं का?"

"व्हॉट्सॲप बघितलं. बीडीओ साहेबांचा मेसेज होता, बघायला नको?"

कारण कळलं. दुसरी खिडकी उघडली की त्या पोर्टलचं घड्याळ थांबतं. मला ते माहीत होतं, कारण ते घड्याळ मी लिहिलं होतं.

इंजिनिअरिंग संपवून मी पुण्यात एका कंपनीत लागलो. आमच्या कंपनीला दुसऱ्या कंपनीनं आणि तिला सरकारी खात्यानं काम दिलेलं. घरी इतकंच माहीत होतं की पोरगा 'सरकारचं कायतरी सॉफ्टवेअर' करतो. खात्याची मागणी साधी होती : माणसानं व्हिडिओ खरंच बघितला का, हे कळलं पाहिजे. मग आम्ही घड्याळ लावलं, पुढे ढकलायची सोय काढून टाकली, शेवटी पाच प्रश्न टाकले. तीन बरोबर आले की पास, नाहीतर पुन्हा, कितीही वेळा. खिडकी बदलली की घड्याळ थांबवायची युक्ती माझी. तिच्याबद्दल मला ऑफिसात शाबासकीही मिळाली होती.

बाबांचे चार भाग राहिले होते. मी त्यांच्याकडून ओटीपी घेतला आणि लॅपटॉपचा आवाज बंद करून, मोबाइलवर मॅच बघत, संध्याकाळपर्यंत चारही संपवले. प्रश्न आले की फोन लावायचा. एक प्रश्न पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा होता : बंधित निधी किती टक्के? बाबा क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "साठ. पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. चाळीस अबंधित." बरोबर. मी पुढचा प्रश्न वाचायला लागलो, तर ते थांबेनात. "पण आमच्या गावात पाण्याची लाइन आधीच झालीय. बंधितमधला पैसा लावायचा कशाला, हा प्रश्न पडतो, आणि वस्तीवरच्या रस्त्याला अबंधित पुरत नाही. आता काय करायचं, ते सांगितलंय का त्यात?"

मी व्हिडिओ मागे नेऊन आवाज चालू करून ऐकला. नव्हतं सांगितलेलं.

सोमवारी आढावा बैठक होती. मोठ्या पडद्यावर आमचा डॅशबोर्ड : पूर्णता ९७ टक्के. समोरच्या साहेबांनी मान डोलावली, आमच्या मॅनेजरनं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. त्या ९७ मध्ये बाबा होते. म्हणजे मी होतो. माझ्यासारखी आणखी किती मुलं, भाचे आणि संगणक केंद्रवाले त्यात होते, हे कळायचा मार्ग माझ्या डेटाबेसमध्ये नाही.

त्याच सुमारास माझा एक मित्र गोखले अर्थशास्त्र संस्थेत एमए करत होता. गोखले राजकारण आणि अर्थशास्त्र संस्था, स्थापना १९३०. डेक्कनच्या त्या भागातून मी कॉलेजात असताना शेकडो वेळा गेलोय. आत काय चालतं, हे कधी डोक्यात आलं नाही. चहा पिताना मी त्याला ९७ टक्क्यांची गोष्ट हसत हसत सांगितली. तो हसला नाही. "दांडेकर-रथ वाच," म्हणाला.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या दोघांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ साली आला. दोघेही याच संस्थेचे. त्यांनी दिवसाला २२५० कॅलरी हा निकष धरला आणि तेवढं खायला मिळण्यासाठी माणशी महिन्याला किती खर्च लागतो, ते काढलं : १९६०-६१च्या किमतींनुसार खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक या रेषेखाली निघाले. दारिद्र्यरेषा हा शब्द आपण आज रेशनकार्डाच्या रंगासारखा सहज वापरतो, पण ती रेषा अशी कुणीतरी बसून, हिशोब मांडून ओढलेली आहे.

मला धरून ठेवलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीनं. त्यांचा कच्चा माल म्हणजे राष्ट्रीय नमुना पाहणी. म्हणजे कुणी अन्वेषक कुणाच्या तरी ओसरीवर बसून विचारत होता : गेल्या तीस दिवसांत ज्वारी किती, तेल किती, मीठ किती. आणि पाहणीच्या आकड्यांचा राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांशी मेळ बसत नाही, वरच्या वर्गाचा खर्च पाहणीत कमी उतरत असावा, ही अडचण हे दोघे झाकत नाहीत. उघड्यावर तिच्याशी झटापट करतात. माझ्या डॅशबोर्डवर अशी तळटीप टाकायचं मला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी ती पहिल्याच बैठकीत उडाली असती.

वादही झाले. पां. वा. सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ, आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांचं म्हणणं असं की माणसाची कॅलरीची गरज ठरलेली नसते. माणसागणिक बदलते, आणि एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. मग सरासरीला रेषा मानून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी कसं म्हणायचं? दांडेकरांनी त्याला उत्तर दिलं आणि हे भांडण बराच काळ छापून येत राहिलं. कोण बरोबर, ते सांगण्याची माझी लायकी नाही. हेवा वाटला तो आकड्यावर असं भांडता येण्याचा. आमच्या बैठकीत आकड्याचा फक्त रंग बघतात, हिरवा की लाल. अर्थात हे काही आमच्याच बैठकीत होतं असं नाही. २०१७-१८ची खर्च-पाहणी केंद्र सरकारनं गुणवत्तेचं कारण देऊन प्रसिद्धच केली नाही. २०११-१२ नंतरचे पुढचे आकडे हाती आले ते थेट २०२२-२३चे.

दांडेकर-रथांनी उपाय सुचवला तो सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा. महाराष्ट्रात वि. स. पागे यांची कल्पना त्याच्याही आधीची. १९७२च्या दुष्काळाच्या काळात रोजगार हमी राज्यभर पसरली, आणि २६ जानेवारी १९७९पासून तिचा कायदा लागू झाला. मी गणपतीला गावी गेलो तेव्हा हे सगळं बाबांना उत्साहानं सांगायला लागलो. ते सुपारी कातरत ऐकत होते. मग म्हणाले, "नवीन लागलो तेव्हा आमच्या पाटीलभाऊंनी मला हजेरीपट शिकवला. म्हणाले, अंगठा घेण्याआधी हात बघायचा. माती खणलेला हात लगेच कळतो."

"हे प्रशिक्षण केंद्रात नाही शिकवलं?"

"तिथं नियम शिकवले. ते पण लागतातच की."

आता त्या हजेरीलाही ॲप आहे. मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो, जागेच्या नोंदीसकट. त्यात लोक फोटोचाच फोटो चढवतात, अशी तक्रार २०२५ साली खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रकात केली. ते वाचून मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग आमचं घड्याळ आठवलं.

जुनं सगळं चांगलं होतं असं म्हणायचं नाही. बाबा एकदा यशदामध्ये, म्हणजे बाणेर रस्त्यावरच्या राज्याच्या प्रशासन अकादमीत, तीन दिवस राहून आले होते. तिथलं काय आठवतं म्हटल्यावर पहिलं उत्तर आलं, "जेवण." दुसरं उत्तर यायला जरा वेळ लागला. मेसमध्ये माण तालुक्यातला एकजण शेजारी बसला होता. त्यानं टँकरची मागणी तालुक्याला कशी लिहायची म्हणजे परत येत नाही, ते सांगितलं. पुढं कितीतरी वर्षं बाबांनी तसंच लिहिलं. आणि बाबांच्या शेजारच्या गावातल्या ग्रामसेविका, ज्यांचं मूल दीड वर्षाचं आहे, त्यांना मोबाइलवरचा कोर्स म्हणजे सुटकाच वाटते. तीन दिवस घर सोडून पुण्याला कोण पाठवणार त्यांना? केंद्रानं २०२०मध्ये मिशन कर्मयोगी आणलं, त्यामागेही हे पोहोचण्याचं गणित आहेच. लाखो कर्मचाऱ्यांना बाणेर रस्त्यावर बसवता येत नाही. पण मेसमधली ती शेजारची खुर्ची आमच्या पोर्टलवर नाही, हेही खरं.

परत आल्यावर मी मॅनेजरला म्हटलं, प्रत्येक भागाच्या शेवटी एक रिकामी चौकट टाकू. 'यातलं काय तुमच्या गावात लागू पडत नाही?' तो वाईट माणूस नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "वाचणार कोण?" मला उत्तर देता येईना. कंत्राटात वाचणारा माणूस नव्हता, खात्याच्या पदांतही तो कुठे बसतो, ते मला सापडलं नाही. तरी चौकट झाली. सक्तीची नाही, पाचशे अक्षरांची. पहिल्या महिन्यात आलेल्या उत्तरांतली बरीचशी 'ओटीपी येत नाही' आणि 'सर्टिफिकेटवर नाव चुकलंय' अशी होती. उरलेली मी रात्री बसून वाचली. बंधित निधीच्या भागाखाली वेगवेगळ्या तालुक्यांतून तिघांनी जवळजवळ बाबांचाच प्रश्न विचारला होता. मी तीन ओळी एका ईमेलमध्ये चिकटवून वर पाठवल्या. पोच आली.

घड्याळ अजून आहे. काढायचं तर खात्याची मंजुरी लागते.

परवा बाबांचा पुन्हा फोन. त्या कोर्सचं प्रमाणपत्र सेवापुस्तकाला जोडायचंय, तालुक्याच्या प्रिंटरची शाई संपलीय. "तू तिकडून रंगीत काढून आण येताना. दोन प्रती काढ."

ऑफिसातल्या प्रिंटरवर काढल्या. वर खात्याचं बोधचिन्ह, मधे बाबांचं पूर्ण नाव, खाली त्या रविवारची तारीख. माझ्यामागे उभा असलेला सहकारी म्हणाला, "अरे वा, हे आपलंच टेम्प्लेट ना? छापल्यावर बरं दिसतंय."