ओवाळणीत सीट

डॅशबोर्डवरच्या दिव्यांचं आणि आपलं नातं एचआरच्या मेल्ससारखं असतं. येतात, दिसतात, आपण पुढे जातो. पेट्रोलचा दिवा लागला तरी ‘अजून तीस-चाळीस किलोमीटर सहज जाते’ म्हणणारे वीर प्रत्येक ऑफिसात सापडतील. पण त्या गर्दीत एक चित्र असतं बघा, सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात मोठ्ठा गोळा. माझी भाची त्याला ‘पोट दुखणारा काका’ म्हणते. तो एअरबॅगचा दिवा. चावी फिरवली की काही सेकंद लागतो, गाडी स्वतःची तपासणी करते आणि सगळं ठीक असेल तर तो विझतो. गाडी चालू असताना तो लागूनच राहिला, तर कुठेतरी बिघाड आहे.

आणि विझला, तर सगळं ठीकच आहे असं तुम्हीही धरून चालता ना? गेल्या दिवाळीपर्यंत आमच्या घरातही सगळे तेच धरून चालले होते.

माझा दादा मेहकरला असतो. बियाण्यांच्या कंपनीत फिरतीची नोकरी. चिखली, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा असा एरिया, म्हणजे दिवसाचा निम्मा वेळ ड्रायव्हिंग सीटवर. त्याने दोन वर्षांपूर्वी सेकंडहॅण्ड गाडी घेतली ती मुद्दाम टॉप मॉडेल, सहा एअरबॅगवाली. कारण समृद्धी. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि आमचं गाव एकदम इंटरचेंजवालं झालं. आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी संभाजीनगरला न्यायचं म्हणजे पूर्वी अख्खा दिवस आणि तिची कंबर, दोन्ही खर्ची पडायचे. आता ताशी १२०ची परवानगी असलेला सरळसोट रस्ता. पण त्याच रस्त्यावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ती बस होती, कारच्या एअरबॅगशी तिचा संबंध नाही. तरी तेव्हापासून समृद्धीवर चढताना आई हात जोडते आणि दादाने नवी गाडी शोधताना पहिला प्रश्न एअरबॅगचा विचारला.

तर अशा या काळजीवाहू दादाच्या गाडीत मी धनत्रयोदशीला ड्रायव्हिंग सीटवर बसले. भन्नाट सीट! चॉकलेटी लेदर, शिलाई झकास.

‘‘बदलली,’’ दादा खुशीत म्हणाला. ‘‘जुनी पार बसली होती ना. पाठीचा पार भुगा झाला होता. हे सेम गाडीची आहे, खालच्या मॉडेलची. अर्ध्या तासात फिट.’’

आता माझा व्यवसाय आडवा आला. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने ‘झालं’ म्हटलं की नक्की काय झालं हे बघायचा मला पगार मिळतो. शेजारच्या सीटच्या पाठीला, दाराकडच्या कडेवर ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी होती. माझ्या सीटला नव्हती. खालच्या मॉडेलला दोनच एअरबॅग, एक स्टिअरिंगमध्ये आणि एक डॅशबोर्डमध्ये. सहावाल्या गाडीत बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतच शिवलेली असते. म्हणजे दादाने सीट बदलली तेव्हा सीटबरोबर एक एअरबॅगही उतरवली होती.

पण मग तो पोट दुखणारा काका? चावी फिरवली. लागला. विझला. अगदी शहाण्यासारखा.

‘‘लागून राहायचा ना आधी,’’ दादा म्हणाला. ‘‘दुकानवाला म्हणे, सेन्सरचं नाटक हाय. तीनशे रुपयांत बंद करून देला त्याने.’’

मोबाइलचा टॉर्च घेऊन मी सीटखाली डोकं घातलं. एअरबॅगच्या वायरींचे कनेक्टर सहसा पिवळे असतात, मेकॅनिकला लांबून कळावं म्हणून. तसा एक पिवळा कनेक्टर तिथे होता आणि त्याच्या तोंडात काळ्या टेपने गुंडाळलेलं काहीतरी. टेपच्या कडेने रंगीत पट्टे डोकावत होते. दहावीच्या फिजिक्समधला आपला जुना मित्र, रेझिस्टर!

याचा फंडा असा. गाडीतला एअरबॅगचा कॉम्प्युटर प्रत्येक एअरबॅगच्या वायरीतून अगदी बारीक करंट सोडून तिचा रोध मोजत असतो. एअरबॅग पेटवणाऱ्या गोळीचा रोध साधारण दोन ओहमच्या आसपास. तेवढा मिळाला की कॉम्प्युटर खूश. वायर मोकळी असली की रोध मिळत नाही, मग दिवा. आणि काही गाड्या अशा वेळी तेवढी एकच बॅग नाही, सगळी यंत्रणाच बंद ठेवतात. त्या मोकळ्या तोंडात तेवढ्याच ओहमचा किरकोळ किमतीचा रेझिस्टर खोचला की कॉम्प्युटरला वाटतं, बॅग जागेवर आहे. दिवा विझतो. अपघात झाला की तो इमानेइतबारे रेझिस्टरला फुगायची ऑर्डर देणार.

आमच्याकडे टेस्ट केस सारखी फेल होत असेल तर कोड दुरुस्त करण्याऐवजी टेस्टमध्येच ‘पास’ लिहून टाकणारे महाभाग असतात. रिलीजच्या आदल्या रात्री मी त्यांना बऱ्याचदा पकडलंय. पण तिथे फार तर क्लायंट ओरडतो. इथे दाराच्या पत्र्यात आणि दादाच्या बरगड्यांत वीतभर अंतर होतं. समोरून धडक बसली तर मध्ये बॉनेट असतं, इंजिन असतं, चुरगळायला काहीतरी असतं. बाजूने काहीच नसतं. म्हणून बाजूची एअरबॅग समोरच्यापेक्षाही लवकर फुगावी लागते, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आतबाहेर. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

दादाला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘अवं, आपल्या लहानपणी कुठं होत्या एअरबॅगा? बाबाच्या जीपमध्ये चौदा जण बसायचे.’’

मुद्दा बिनतोड होता. भारतात नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली तीच मुळी १ जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटची सक्ती त्याहून उशिरा, २०२१ मध्ये नव्या मॉडेलपासून सुरू झाली. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा आला, पुढे ढकलला गेला आणि शेवटी सक्ती झालीच नाही. पण बाबांच्या जीपने कधी ‘मी वाचवेन’ असं सांगितलं नव्हतं. ही गाडी रोज सकाळी सांगत होती आणि दादा तिच्या भरवशावर आईला घेऊन १२०ने जात होता.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. सणाचे दिवस, वहिनीच्या चकल्या, उगाच तोंड कडू कशाला! मी भाऊबीजेपर्यंत थांबले. ओवाळलं, ताटात त्याने पाकीट ठेवलं, मी ते परत केलं. म्हटलं, ‘‘दादा, मला तुझी जुनी सीट हवी.’’

आई हसत सुटली. दादा नाही हसला. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘‘चाल.’’

सीट कुठे होती माहितीये? दुकानाबाहेर. तिला खाली लाकडी चौकट ठोकून गिऱ्हाइकांसाठी बैठक केली होती आणि एक काका तिच्यावर रेलून चहा पीत होते. त्यांच्या डाव्या-उजव्या कुशीत कुठेतरी न उडालेली, दारूगोळ्यासकटची एअरबॅग! काका, तुम्ही हे वाचत असाल तर घाबरू नका, नुसतं बसून ती उडत नाही. पण तिच्या कनेक्टरला बॅटरी लावून बघावं असंही कोणाच्या डोक्यात येऊ नये.

‘‘ताई, तुमी टेन्शन घेऊ नका,’’ दुकानवाला म्हणाला. मी घेतलं. सीट सोडवली, फेम तपासली, पाठीची शिलाई उघडलेली नाही याची खात्री केली. गंमत म्हणजे बसला होता तो खालच्या गादीचा फोम, आणि एअरबॅग असते पाठीत. म्हणजे गादीपुरता नवा फोम घातला असता तरी दादाची कंबर वाचली असती. तेच केलं. वर चढवायचं ते जाडजूड कव्हरही नको म्हटलं, कारण कडेला एअरबॅगसाठी सुटणारी शिलाई नसेल तर कव्हर तिला अडवून धरतं.

सीट बसवायचं काम मात्र तिथे करू दिलं नाही. बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबावं लागतं, कारण कॉम्प्युटर थोडा चार्ज साठवून ठेवतो, आणि पिवळा कनेक्टर जोडेपर्यंत चावीला हात लावायचा नाही. दुकानवाल्याचं घड्याळ या बाबतीत फार वेगाने चालतं. आम्ही सीट डिकीत घातली आणि दुसऱ्या आठवड्यात, आईच्या तपासणीच्या दिवशीच, संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. आई मागे, बेल्ट लावून. दादा पूर्ण रस्ता ऐंशीने. ट्रकसुद्धा आम्हाला ओव्हरटेक करत होते.

सीट बसली, रेझिस्टर निघाला, तरी काका लागलेलाच! ही जुन्या बिघाडाची नोंद. ती स्कॅनर लावून पुसेपर्यंत बऱ्याच गाड्यांत दिवा जात नाही. स्कॅनर लावला, सगळ्या सहा बॅगा हजर, दिवा विझला. दादाने चावी बंद करून पुन्हा फिरवली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा फिरवल्यावर सर्व्हिसवाला म्हणाला, ‘‘साहेब, झालंय.’’

परत येताना दादाने ती चॉकलेटी सीट दुकानात टाकली. आता गिऱ्हाइकं तिच्यावर बसतात. लेदर खरंच झकास आहे.