गुटीचा डबा

आम्हांस ओळखीच्या मंडळींत ‘निसर्गाच्या नादीं लागलेली आई’ असें म्हणतात. म्हणणारांच्या स्वरांत थोडें कौतुक असतें, थोडी थट्टा असते, आणि क्वचित् थोडी धास्तीही असते. आमच्या घरीं दोन मुलें आहेत. मुलगी साडेपांच वर्षांची, व मुलगा नुकताच दहा महिन्यांचा झालेला. त्यांना आम्ही घाणीच्या तेलानें माखून न्हाऊं घालतों, धाकट्यास नागलीचें सत्त्व भरवितों, जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर निजवितों, आणि जेवणांत घोळ, तांदुळजा, शेवगा यांना कोबी-फ्लॉवरपेक्षां अधिक मान देतों. एवढ्यावरून आमचा पंथच निराळा ठरला आहे. वस्तुतः यांत नवें असें कांहींच नाहीं. आमच्या आजीला कोणी या नांवानें हांक मारली असती, तर ही स्तुति कीं निंदा, याचा तिला उलगडा झाला नसता.

तथापि नांव एकदां चिकटलें म्हणजे त्याचा अर्थ तपासून पाहणें भाग पडतें. निसर्ग म्हणजे आपोआप घडतें तें, असा सामान्य समज आहे. आम्हांस मात्र गेल्या साडेपांच वर्षांत आपोआप घडलेलें कांहीं आढळलें नाहीं. नागली रात्रभर भिजवावी, सकाळीं उपसून फडक्यांत बांधावी, मोड आले कीं सावलींत वाळवावी, हलकी भाजून दळावी, आणि तें पीठ वस्त्रगाळ करावें. तेव्हां कोठें बाळाच्या वाटींत चार चमचे खीर पडते. त्यांतील दोन तो गोधडीस भरवितो. दुकानांत तयार डबा दोन मिनिटांत मिळतो. निसर्गाचा मार्ग हाच सोपा मार्ग होय, असें ज्यांनीं लिहिलें आहे, त्यांच्या घरीं दळणारें माणूस दुसरें असावें.

लंगोटांची गोष्ट याहून अवघड. नगर हें पर्जन्यछायेंतलें शहर. वर्षाकाठीं पांचसहाशे मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे लोक संतुष्ट असतात. 2024 सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, पण चैत्र-वैशाखांत पाण्याची घागर पूर्वींइतकीच मोलाची राहिली. आमच्या गल्लींत उन्हाळ्यांत नळ एक दिवसाआड येतो. अशा वेळीं दिवसाचे पंधरा लंगोट धुवावयाचे म्हणजे किती बादल्या जातात, याचा हिशेब उपदेश करणारांनीं केलेला नसतो. विकतचे वापरावे, तर ते उकिरड्यावर वर्षानुवर्षें कुजत नाहींत. सुती वापरावे, तर पिण्याच्या पाण्याला हात लागतो. आम्हीं दिवसा सुती, आणि रात्रीं व प्रवासांत विकतचे, अशी तडजोड ठेविली आहे. धुण्याचें शेवटचें पाणी अंगणांतल्या शेवग्याला जातें. कट्टर मंडळींस ही तडजोड आवडत नाहीं, शेवग्यास आवडते.

आमचें सासर अकोले तालुक्यांतलें. तेथें पश्चिमेस घाटघर-रतनवाडीकडे नगरच्या कित्येक पट पाऊस कोसळतो. याच तालुक्यांतल्या कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांचें नांव आतां दूरवर ठाऊक झालें आहे. महादेव कोळी समाजांतल्या या बाईंनीं शाळेचें तोंड पाहिलें नाहीं. परंतु रासायनिक खतांवर व संकरित बियाण्यांवर पिकलेलें अन्न घरांत आलें, तशीं मुलें-नातवंडें वरचेवर आजारी पडूं लागलीं, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि त्यांनीं गांवठी बियाणें जमविण्यास आरंभ केला. पुढें बाएफ या संस्थेचें साहाय्य मिळालें, घरींच बियाण्यांची पेढी उभी राहिली, आणि 2020 सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात. या नांवांतील ‘माता’ हा शब्द आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. घेवड्याचें बीं नुसतें सोडून दिल्यानें टिकत नाहीं. टपोऱ्या शेंगा वेलावर राखाव्या लागतात, घरच्यांचा त्यांवरील डोळा चुकवावा लागतो, दाणे राखेंत घोळून मडक्यांत भरावे लागतात, आणि पुढल्या मृगापर्यंत त्यांना कीड व उंदीर यांपासून जपावें लागतें. ज्यास आपण ‘गांवठी’ म्हणून निसर्गाच्या खात्यावर मांडतों, तें शेंकडों बायकांनीं पिढ्यान् पिढ्या निवडून, राखून, वाटून आपल्यापर्यंत पोंचविलेलें धन आहे.

सासूबाई नगरास राहावयास आल्या, तेव्हां त्यांच्या पिशवींत अशाच घेवड्याची एक पुरचुंडी आणि गुटीचा पितळी डबा होता. हळकुंड, मायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, वेखंड, खारीक, बदाम. एकेक जिन्नस सहाणेवर उगाळावयाचा, आणि प्रत्येकाचे वेढे ठरलेले. त्यांची रीत बाराव्या दिवसापासून गुटी देण्याची. आमच्या डॉक्टरीणबाईंचें सांगणें असें कीं, सहा महिने आईच्या दुधावांचून पाण्याचा थेंबही नको, आणि वर्षाच्या आंत मध मुळींच नको. आतां घरांत महाभारत होणार, अशी शेजारणींची अपेक्षा होती. सासूबाईंनीं डॉक्टरीणबाईंस एकच विचारलें, ‘मध का नको?’ मधांत क्वचित् असे सूक्ष्म जंतु असतात कीं, ते तान्ह्याच्या आंतड्यांत वाढून त्यांच्या विषानें अंग लुळें पडतें, असें कळतांच त्या म्हणाल्या, ‘मग ऱ्हाऊ द्या. वेखंडाचा बी आमी निम्माच येढा देतो. जास्त झालं म्हंजी औषिदाचं ईख होतं, हे आमाला ठावं हाय.’ सहा महिने डबा फळीवरच राहिला. उष्टावणानंतर तो खालीं आला, तेव्हां त्यांतून वेखंड त्यांनीं आपण होऊन काढून टाकलें होतें. वेढे मोजणारी बाई निसर्गावर आंधळा विश्वास टाकीत नाहीं, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

त्याच डब्यांत मुलाच्या लसीकरणाचें कार्ड घडी करून ठेविलेलें असतें. तें तेथें सासूबाईंनींच ठेविलें. नऊ महिने भरले त्या सकाळीं त्यांनीं आमच्याआधीं विचारलें, ‘आज गोवराची सुई हाय ना गं पोराची?’ आमच्या यजमानांच्या आधीं त्यांना एक मुलगी झाली होती. ती तीन वर्षांची असतांना गोवरानें गेली. घरांत कडुलिंबाचा पाला होता, गुटी होती, अंगारा होता, मायेचे हात तर पुष्कळ होते. देशांत सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम 1985 सालीं सुरू झाला. ती पोर त्यापूर्वीं पांच वर्षें गेली. तिचें नांव त्या घेत नाहींत. ‘थोरली’ एवढेंच म्हणतात. गोवर हाही निसर्गच होता, हें आम्हीं त्या एका शब्दावरून जाणलें.

हें सांगण्याचें कारण असें कीं, आमच्याच पंथांतील कांहीं शिकलेल्या भगिनी आतां लस नको म्हणूं लागल्या आहेत. एक मैत्रीण म्हणाली, ‘अहो, तुम्ही एवढ्या निसर्गाच्या, आणि बाळाला सुई टोंचवते तरी कशी?’ तिच्या शंकेंत दुष्टपणा नव्हता. कोवळ्या अंगांत परकें कांहीं जाऊं नये, ही आईची स्वाभाविक इच्छा आहे. परंतु देवीचा रोग आपल्या देशांतून 1975 सालीं गेला, तो पाल्यानें व नवसानें गेला नाहीं. आणि लस तरी काय करते? शरीराच्या अंगीं असलेल्या शक्तीस शत्रूची आधीं ओळख करून देते. पुढें लढतें तें शरीरच. वेलावरची शेंग राखणें हा जसा निसर्गास दिलेला हात, तसाच हाही.

आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकास, जामखेडास, रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानें 1970 सालीं काम आरंभिलें. त्या सुमारास त्या टापूंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं सुमारें 176 पहिलें वर्ष पुरें करीत नसत. पंचवीस-तीस वर्षांत तो आंकडा तिसाच्या खालीं आला. हें काम मुख्यतः गांवोगांवच्या स्त्रियांनीं केलें. त्यांतील बहुतेक निरक्षर, कित्येक गांवकुसाबाहेरच्या. त्यांनाच या दांपत्यानें आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. स्वच्छ पाणी, घरचें सकस अन्न, बाळंतिणीची निगा, लस आणि वेळेवर दवाखाना यांत त्यांनीं सोंवळें-ओंवळें मानलें नाहीं. 1979 सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गेल्या श्रावणांत धाकट्याला जुलाब सुरू झाले. पुडी आणीपर्यंत आम्हीं लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यांत सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ कालवून तें चमच्या-चमच्यानें पाजलें. अंगावरचें दूध तोडलें नाहीं. सासूबाईंनीं जायफळाचा एक वेढा उगाळला. पहाटे त्याचे डोळे किंचित् खोल गेल्यासारखे वाटतांच त्यांनींच रिक्षा बोलावण्यास सांगितलें. तिसऱ्या दिवशीं तो गोधडी चघळूं लागला. कोणाच्या उपायानें गुण आला, यावर वाद झाला नाहीं. कारण सासूसुना दोघींनाही झोंप आली होती.

तेव्हां ‘निसर्गाच्या नादीं लागलेली आई’ हें नांव आम्ही टाकीत नाहीं. निसर्ग मुलें देतो, तसा तो घेऊनही जातो. दोन्ही वेळां त्याचें तोंड सारखेंच निर्विकार असतें. माया त्याची नव्हे, ती आपण घालावयाची. यंदा घेवड्याचा वेल शेवग्यावर चढला आहे, आणि त्यावरील तीन शेंगांना सासूबाईंनीं लाल दोरा बांधला आहे. त्या शेंगा भाजींत पडावयाच्या नाहींत, एवढें आमच्या मुलीस आतांपासून पाठ झालें आहे.