पोपट, कनकी आणि रात्रीचा रस्सा

डिसेंबर लागला की विदर्भाच्या किमान तापमानाच्या बातमीत गोंदियाचं नाव बरेचदा सगळ्यात खाली असतं. पारा ८-९ अंशांवर उतरला की आम्हाला त्याचंही कौतुक वाटतं. मे महिन्यात भाजून निघणाऱ्या गावाने एवढी मिजास करायला हरकत नाही. पण याच दिवसांत बाबूजींचं जेवण तुटतं. कवळी बसवल्यापासून पोळी त्यांना जमत नाही आणि रात्रीचा भात ‘गार पडते’ म्हणून नको असतो. बायकोची नोकरी देवरीला. ती घरी पोचेस्तोवर आठ वाजतात, तेव्हा हिवाळ्यातला रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला.

आधी पाकिटातलं सूप करून पाहिलं. चमचा फिरवला की दाट होतं, पण तो दाटपणा कॉर्नफ्लोअरचा आणि चव मिठाची. बाबूजींनी अर्धी वाटी बाजूला सारली. “कावून रे, मी आजारी हाव का?” एवढंच बोलले. मलाही ते पटलं. भर हंगामात बाजारात पोपटाच्या शेंगांचे ढीग लागलेले असताना पाकीट फोडायची गरज काय?

बाहेरच्या लोकांना पोपट म्हटलं की पिंजरा आठवतो. आमच्याकडे पोपट म्हणजे वालाच्या जातीची ओली, हिरवी शेंग. कोकणात वाल भिजवून, मोड आणून, सोलून त्याचं बिरडं करतात, त्याला दोन दिवस आधीपासून तयारी लागते. ओल्या दाण्यात पाणी मुळातच असतं, त्यामुळे भिजवायचं कामच नाही. वेळ जातो तो फक्त शेंगा सोलण्यात, आणि ते खातं बाबूजींनी स्वतःहून घेतलं. दुपारच्या उन्हात ओसरीवर बसायचं, शेंगेच्या शिवणीत नख घालायचं, अंगठ्याने दाणे खाली ढकलायचे. बोटांना तेलकट चिकटा बसतो आणि एक उग्र हिरवा वास हात धुतल्यावरही जात नाही. आळी लागलेला दाणा ते चष्म्याच्या वरून बघून फेकतात. माझ्या हातून असा दाणा सुटला असता, त्यांच्या हातून सुटत नाही.

दुसरा जिन्नस कनकी. गोंदिया गिरण्यांचं गाव. धान भरडताना जे तांदूळ तुटतात ती कनकी. साबूत तांदळाच्या मानाने स्वस्त, म्हणून पुष्कळांच्या लेखी ती कोंबड्यांना घालायची वस्तू. रस्सा दाट करायला मात्र तिच्यासारखं काही नाही. कडधान्याच्या प्रथिनात मेथिओनिन कमी पडतं, तांदळाच्या प्रथिनात लायसीन. दोन्ही एका भांड्यात आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. म्हाताऱ्या माणसाचं खाणं कमी झालं की त्या थोडक्या खाण्यात दम असावा लागतो.

चौघांपुरत्या दोन वाट्या दाणे आणि एक मूठ धुतलेली कनकी घेतो. कुकरमध्येच तेल तापवून जिरं, ठेचलेलं आलं आणि पातीचा लसूण परततो. मिरची एकच, तीही चिरून, म्हणजे वाढताना काढता येते. हळद, दाणे, कनकी, एका वांग्याच्या फोडी, मीठ आणि पाच-सहा वाट्या पाणी. तीन शिट्ट्या पुरतात. टमाटर आत्ता घालायचं नाही. आंबटात दाणे लवकर सिजत नाहीत, साल चिवट राहते. झाकण उघडल्यावर निम्मे दाणे डावाने कुकरच्या भिंतीला दाबून घोटायचे, मग टमाटर टाकून एक उकळी येऊ द्यायची. वरून सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. दाणे सोललेले असले तर अर्ध्या तासात वाट्या भरतात. पोपट कच्चट ठेवू नये, पोटाला बाधतो. बोटाने चिमटला की पीठ झालं पाहिजे.

पहिल्यांदा हा रस्सा पुढे ठेवला तेव्हा बाबूजींनी वाटी दोन्ही हातांनी धरली, फुंकर घातली आणि लाखोरीवर बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी हिवाळ्याची डाळ तीच. धान कापायला दोन-तीन आठवडे असताना उभ्या पिकात, बांधीतल्या ओलीवर लाखोरी फेकून द्यायची. नांगरट नाही, पाणी नाही. उतेरा म्हणतात तो हाच. दुष्काळात महिनोन्महिने जवळपास तीच खावी लागली तर पायांतलं बळ जाऊन लुळेपण येतं, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी ती बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे भांडले, उपोषणाला बसले. बंदीतही धुऱ्याआतली लाखोरी काही थांबली नव्हती. माझं मत विचाराल तर दोष डाळीपेक्षा ताटात दुसरं काही नसण्याचा अधिक होता. तरी बाबूजींना मी लाखोरी रोज देणार नाही. कधीमधी घरात आलीच तर भिजवून, उकळून, ते पाणी फेकून मगच वापरतो.

बायकोला हा रस्सा फिका लागतो. ती आली की आपल्या वाटीसाठी कढलीत तेल तापवते, लाल तिखट टाकते आणि तो तवंग वर ओतते. वांगं घालावं की नाही यावरून आमचं अजून जमलेलं नाही. तिच्या माहेरी पोपटात आलू घालतात. जानेवारीत धुऱ्यावरच्या तुरीच्या ओल्या शेंगा आल्या की मी पोपटाऐवजी तुरीचे दाणे घेतो. त्यांची साल जाड, म्हणून शिट्टी एक जास्त. बाकी सगळं तेच. बाबूजी मात्र तुरीला मार्क कमी देतात, आणि शेंगा सोलताना निम्मे दाणे कच्चेच तोंडात टाकतात. कवळीने ते कसं जमतं, हे मी विचारलेलं नाही.