इंदरगंजचा हिवाळी पाहुणा

ग्वाल्हेरचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो आणि त्यामागोमाग कानांत ख्यालगायकी घुमू लागते. 1810 साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस पडली, ती पुढे उठलीच नाही. त्या छावणीचेच लष्कर नावाचे शहर झाले. इंदरगंज हा त्या लष्करातील एक गजबजलेला भाग. दाल बाजार, लोहिया बाजार, जयेंद्रगंज हे त्याचे शेजारी. चौकात उभे राहिले तर वाहनांच्या गर्दीपलीकडे काही दिसत नाही. परंतु एखाद्या उंच घराची गच्ची गाठली की उत्तरेकडे किल्ल्याचा तो वालुकाश्माचा लांबलचक डोंगर, सुमारे 300 फूट उंचीचा, शहरावर पाखर घातल्यासारखा पसरलेला दिसतो. या दगडाच्या आणि बाजाराच्या मधल्या आकाशात दर हिवाळ्यात एक पाहुणा येतो. गेल्या जानेवारीत चार दिवस इंदरगंजात मुक्काम करून आम्ही त्याचा आवाज टिपण्याचा उद्योग केला, त्याची ही हकीकत.

हा पाहुणा म्हणजे खरूची. हिंदी भाषक त्याला खेरमुतिया किंवा करोंटिया म्हणतात. जात ससाण्याची, पण आकार पारव्याएवढाच. नराचे डोके व शेपटी राखी, पाठ विटकरी रंगाची व तीवर काळे ठिपके. मादी सर्वांगी तांबूस तपकिरी आणि आडव्या काळ्या पट्ट्यांची. हिमालयात आणि पश्चिम घाटात खरूची वर्षभर राहते व वीण घालते. उत्तर हिंदुस्थानच्या मैदानात मात्र ती थंडीपुरती उतरते आणि उन्हे तापू लागली की परतते. ग्वाल्हेर तिचे घर नव्हे, बिऱ्हाड आहे.

तिला ओळखण्याची खूण रंगापेक्षा तिच्या वागण्यात आहे. वाऱ्याकडे तोंड करून, शेपटीचा पंखा उलगडून ती हवेत एकाच जागी थबकते. पंख भराभर थरथरत असतात, पण डोके जणू खिळ्याने ठोकलेले. हॉलंडमधील संशोधकांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अंग वाऱ्याने कितीही हलले तरी या वेळी तिचे डोके जागेवरून जेमतेम 6 मिलिमीटर सरकते. खाली गवतात उंदीर, सरडा किंवा नाकतोडा हलला की तो टिपण्यासाठी ही स्थिरता हवी. इंग्रज खेडूत तिला ‘वाऱ्यावर तरंगणारी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, तर जर्मन लोक ‘मनोऱ्यावरचा ससाणा’ म्हणतात. कारण ती स्वतः घरटे बांधीत नाही. कड्याची कपार, जुन्या इमारतीतील भोक किंवा कावळ्याने टाकून दिलेले घरटे तिला पुरते.

शास्त्रीय नावाने मात्र तिच्या रूपाकडे किंवा उड्डाणाकडे न पाहता तिचा कंठच धरला आहे. ‘टिन्नुन्कुलुस’ या लॅटिन शब्दाच्या मुळाशी खणखणीत, तीक्ष्ण नादाचा अर्थ आहे. ‘की-की-की-की’ अशी एकामागून एक झडणारी धारदार साद ही तिची मुख्य बोली. ती रागाची, भयाची, इशाऱ्याची. दुसरी बोली कंप पावणारी, किंचित रडवेली. विणीच्या काळात मादी नराकडे आणि पिल्ले आईबापांकडे अन्न मागताना ती ऐकू येते. हॉलंडचेच लूक टिनबर्गेन यांनी 1940 साली या पक्ष्याच्या संसारातील श्रमविभागणीवर निबंध प्रसिद्ध केला. नर शिकार करून आणतो, मादी अंडी उबवते व पिल्ले सांभाळते, असा हा प्रपंच आहे. आणि तो चालतो मुख्यतः आवाजावर. नर भक्ष्य घेऊन आला की साद घालतो, मादी ती ओळखून उठते आणि भक्ष्य हाती घेते.

येथेच आमच्या उद्योगातील खरी अडचण वाचकांच्या ध्यानी येईल. ज्या पक्ष्याचे नावच आवाजावरून पडले, तो ग्वाल्हेरीस येतो तेव्हा जवळजवळ मुका असतो. येथे त्याला जोडीदार बोलवायचा नसतो, पिल्लांना भरवायचे नसते. प्रत्येक जण आपापला शिकारीचा टापू धरून एकटा राहतो. बोलण्यासारखे त्याच्यापाशी काही नसते.

पहाटेच्या धुक्यात गच्चीवर बसले की प्रथम ऐकू येते ते मंदिरातील घंटेचे टोल, मग दुधाच्या कॅनचा खडखडाट, मग एखाद्या दुकानाचे वर सरकणारे लोखंडी दार. साडेसातनंतर मोटारींचा घरघराट सुरू होतो तो रात्रीपर्यंत हटत नाही. आमच्या सोबतच्या स्नेह्यांनी मायक्रोफोनभोवती पसरट ताटासारखी तबकडी लावली होती. दूरचा क्षीण आवाज ती एका बिंदूत गोळा करते. वाऱ्याची फडफड टाळण्यासाठी वर लोकरी टोपी होती. खरूची समोरच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसे, मान हलवून खालच्या रस्त्याचा अदमास घेई, मग किल्ल्याच्या पायथ्याकडे निघून जाई. तोंडातून अवाक्षर नाही.

तिच्यामागोमाग आम्हीही किल्ल्याकडे गेलो. पश्चिमेच्या उरवाही दरवाज्याने चढताना दोन्ही बाजूंच्या कड्यांत पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी कोरलेल्या जैन मूर्ती उभ्या आहेत. त्यांतील आदिनाथांची मूर्ती सुमारे 57 फूट उंच आहे. त्या अंगाला शहराचा गलबला बराच मंदावतो. वर दगडी कपारींतून पारवे घुमत होते, पोपटांचे थवे कलकलत जात होते. तिसऱ्या दिवशी येथेच दोन कावळ्यांनी खरूचीचा पाठलाग आरंभिला, आणि वळण घेता घेता ती ओरडली: ‘की-की-की-की-की!’ कड्यावरून त्याचा प्रतिध्वनी आला आणि सारे शांत झाले. चार दिवसांत मिळून सहा तासांचे मुद्रण झाले. त्यात खरूचीचा आवाज जेमतेम सात-आठ सेकंदांचा.

एवढ्याशा आवाजासाठी हा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात सापडते. 1889 साली जर्मनीत लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने पाळलेल्या शामा पक्ष्याचे गाणे मेणाच्या नळकांड्यावर टिपले. पक्ष्याच्या आवाजाचे हे सर्वांत जुने ज्ञात मुद्रण मानले जाते. आणि शामा तर आपल्याच पश्चिम घाटातल्या रानांत गाणारा पक्षी! पुढे हेच कोख 1936 साली इंग्लंडात आले आणि त्यांनी त्याच वर्षी रानपक्ष्यांच्या आवाजांच्या तबकड्या पुस्तकासह प्रसिद्ध केल्या. त्या काळी यंत्रसामग्री मोटारीत घालून न्यावी लागे. आज ती खिशात मावते. 2005 पासून ‘झेनो-कँटो’ या जागतिक संग्रहात जगभरचे हौशी लोक आपली मुद्रणे जमा करीत आहेत, आणि ती कोणालाही ऐकता येतात.

परंतु यंत्र सोपे झाले म्हणून नोंद सोपी झाली असे नाही. नुसता आवाज म्हणजे पत्ता नसलेले पत्र. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोठे, वारा कसा होता, पक्षी नर की मादी, तो काय करीत होता, कोणावर ओरडला, हे मुद्रणाच्या अखेरीस आपल्याच आवाजात सांगून ठेवावे लागते. आमच्या सात सेकंदांना अर्थ आला तो ‘दोन कावळे मागे लागले असता’ या चार-पाच शब्दांनी. त्याचप्रमाणे जवळजवळ सहा तासांच्या मौनालाही अर्थ आहे. हिवाळ्यात हा पक्षी शहरात राहतो आणि बोलत नाही, हीदेखील नोंदच. मागल्या वाहनांचा घरघराटही आम्ही पुसून टाकला नाही. पन्नास वर्षांनी इंदरगंजच्या सकाळी कशा वाजत होत्या हे कोणास जाणून घ्यावयाचे झाले तर तोच आवाज पुरावा ठरेल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. मुद्रित केलेली साद पक्ष्यासमोर वाजवली की दुसरा कोणी आपल्या टापूत घुसला असे समजून तो धावून येतो व ओरडतो. काम झटपट होते, पण थंडीत भक्ष्य मिळवण्यासाठी राखलेली त्याची शक्ती नसत्या शत्रूपायी खर्ची पडते. विणीच्या दिवसांत तर अंडी थंड पडण्याचा धोका असतो. पाहुण्याला डिवचून बोलते करणे हा काही आदरसत्कार नव्हे.

ग्वाल्हेरला आवाजाचे मोल नव्याने सांगावे लागू नये. तानसेनाची समाधी येथे आहे, आणि 2023 साली युनेस्कोने या शहराला संगीताची सर्जनशील नगरी म्हणून मान दिला. कृष्णराव शंकर पंडितांचे (1893-1989) गाणे आज मुद्रणांतून ऐकता येते. परंतु ज्यांच्यापासून ही गायकी वाढली त्या हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांचा स्वर आपल्या हाती नाही. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळी स्वर धरून ठेवणारे यंत्रच नव्हते. त्यांच्याबद्दल आपण वाचतो, ऐकत नाही. आपल्या हाती तर यंत्र आहे. तरीही आवाज हातचे जाऊ दिले, तर त्याचा दोष काळावर टाकता येणार नाही.

आमच्या मनात आणखी एक विचार येऊन गेला. मुलूख सोडून आलेली खरूची परमुलखात अबोल होते. तिची बोली घरट्यापाशीच उमलते. दोनशे वर्षांपूर्वी आलेल्या आपल्या मंडळींनी मात्र येथेच घरटी केली, म्हणून मराठी येथे बोलती राहिली. लष्करातल्या जुन्या घरांतून आजीच्या तोंडी जी हिंदीचा लहेजा पांघरलेली मराठी ऐकू येते, तशी पुण्यात ऐकू येणार नाही. बडोदे, इंदूर, तंजावर, प्रत्येक ठिकाणच्या मराठीची अशीच आपली चाल आहे. तीही कोणी तारीख-वार-ठिकाण सांगून टिपून ठेवावयास हवी.

तेव्हा वाचकांना आमची विनंती एवढीच. येत्या हिवाळ्यात आपापल्या गावच्या गच्चीवरून आकाशाकडे पाहावे. एकाच जागी थरथरत थांबलेला लहानसा ससाणा दिसला तर खिशातील यंत्र काढावे, तो बोलला नाही तरी थांबावे, आणि शेवटी आपल्या घरच्या मराठीत दिवस, वेळ व ठिकाण सांगून ठेवावे. एका मुद्रणात दोन आवाज जपले जातील.