सुनेचा पाव

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आम्ही पिठात हात घातला. त्यापूर्वी स्वयंपाकघराशी आमचा संबंध चहाच्या आधणापुरता होता, आणि तोही सौ. माहेरी गेल्या असल्या तरच. वसई सोडून शिक्षकी पेशानिमित्त तलासरीस आलो, पुढे डहाणूस घर केले. एवढ्या वर्षांत हाताला खडूची भुकटी लागली, मैद्याची कधी लागली नव्हती. ती का लागली हे सांगताना थोडी लाज वाटते. परंतु पावाची हकीकत सांगायची तर ते टाळता येणार नाही.

आमचा धाकटा मुलगा कुवेतला नोकरीस आहे. तेथील एका इस्पितळात परिचारिका असलेल्या मुलीशी त्याने लग्न ठरविले. मुलगी कॅथलिक, परंतु फिलिपिन्सची, इलोइलोची. आम्ही नाराजी शब्दांत व्यक्त केली नाही. पासपोर्टची मुदत संपल्याचे निमित्त पुढे केले आणि लग्नाला गेलो नाही. मुदत खरोखरच संपली होती, पण नवा पासपोर्ट काढण्यास हवा तेवढा अवधी हाताशी होता. हे सौ. जाणून होत्या आणि मुलगाही जाणून होता. दोन वर्षे बापलेकांत फोनवर हवापाण्यापलीकडे बोलणे झाले नाही.

मग गेल्या वर्षी त्याने कळविले की नाताळला बायको आणि सात महिन्यांची मुलगी यांना घेऊन तो डहाणूस येतो आहे. आम्ही गप्प बसलो. तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, आपला संत गोन्सालो वसईहून मनिलाला गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला दारात उभं केलं नव्हतं. तिथली मुलगी आपल्या दारी आली तर तुमचं काय बिघडलं?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, व्यापार करीत फिरला, मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा बंधू झाला. 1593 मध्ये तेथूनच तो जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. हे सारे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना किती वेळा सांगितले असेल! सांगताना मनिला हे गाव आपल्या घरच्या वाटेवर येईल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

त्या रात्री आम्हीच मुलाला फोन केला आणि काय बोलावे ते न सुचून विचारले, "ती सकाळी खाते काय?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पांदेसाल, बाबा. म्हणजे पावच."

पांदेसाल म्हणजे शब्दशः मिठाचा पाव, जरी चवीला तो किंचित गोडच असतो. त्यांच्याकडे पहाटे गल्लीतल्या भट्टीवरून तो कागदी पिशवीत गरमागरम आणतात आणि कॉफीत बुडवून खातात. नावातले 'पान' हे स्पॅनिश. आपल्या पावाचे मूळ पोर्तुगीज. आणि दोघांची आजी लॅटिन. वसईसह हा डहाणूचा किनारा 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. 1580 ते 1640 या काळात तर स्पेन आणि पोर्तुगाल यांचे मुकुट एकाच राजाच्या मस्तकी होते. तेही लोक आमच्यासारखेच भात खाणारे. दोघांकडेही ख्रिस्ती धर्माबरोबर गव्हाचे महत्त्व वाढले, कारण मिस्साबलीच्या ओस्तीला गहूच लागतो, तांदूळ चालत नाही.

लग्नाच्या रौप्यमहोत्सवात भेट मिळालेला ओव्हन माळ्यावरून काढला. मुलाने पत्नीला विचारून कृती कळविली: अर्धा किलो मैदा, 300 मिलिलिटर कोमट पाणी, 60 ग्रॅम साखर, 8 ग्रॅम मीठ, थोडे लोणी आणि 7 ग्रॅम कोरडे यीस्ट. पीठ मळून फुगू द्यावे, त्याची लांब वळी करावी, सुरीने तुकडे पाडून ते पावाच्या चुऱ्यात घोळवावेत, पुन्हा फुगू द्यावेत आणि 180 अंशांवर सुमारे वीस मिनिटे भाजावेत.

पहिल्या खेपेस आम्ही यीस्ट कढत पाण्यात टाकले. यीस्ट हा जीव आहे; साठ अंशांच्या आसपास तो मरतो. हाती आले ते दगड. दुसऱ्या खेपेस पीठ फुगत ठेवून दुपारी झोपलो. उठलो तो पीठ वर येऊन पुन्हा खाली बसलेले, आणि पाव चपटे. सौ. दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी मदत केली नाही. हे प्रायश्चित्त ज्याचे त्यानेच करायचे, असे त्यांचे मत असावे.

तिसऱ्या खेपेस आईच्या फुग्यांची आठवण झाली. लग्नघरी मोठ्या भांड्यात पीठ फेटून मुठीतून कढईत सोडलेले ते फुगे यीस्टवर नव्हे, ताडीवर फुगत. तलासरीचा आमचा एक जुना वारली विद्यार्थी ताडावर चढतो. त्याला निरोप धाडला. याच मुलाच्या वर्गाला आम्ही एकदा ताडीच्या दुष्परिणामांवर निबंध लिहावयास लावला होता. तो सकाळी उन्हे चढण्यापूर्वी कॅन घेऊन दारात उभा राहिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "गुरुजी, घरात सांगू का देवघरासाठी आणली म्हणून?"

ताडी ताजीच हवी. झाडावरून उतरवतानाच तिचे आंबणे सुरू झालेले असते. त्यातली रानटी यीस्ट साखर खाऊन वायू सोडते आणि तोच पीठ उचलतो. दिवस चढला की आंबटपणा वाढत जातो. आम्ही ती गाळून पाण्याऐवजी घातली. पीठ फुगायला सहा तास लागले, पण फुगले. चुऱ्यासाठी दुकानातला टोस्ट कुटला. पाव थोडे वेडेवाकडे झाले, तरी मऊ होते.

मंडळी 23 डिसेंबरला आली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पीठ मळत असता सून स्वयंपाकघरात आली. आमचा पीठ लागलेला हात तिने उचलला आणि स्वतःच्या कपाळी लावला. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेण्याची त्यांची ती रीत. आम्हाला ठाऊक नव्हती. आम्ही हात मागे घेणार होतो. मग तिने कॅनचे झाकण उघडून वास घेतला आणि हसून म्हणाली, "तुबा!"

त्यांच्याकडे नारळाची ताडी असते. तिला तुबा म्हणतात. नाताळाआधी नऊ दिवस पहाटेची मिस्सा होते. ती संपली की देवळाबाहेर तांदळाची बिबिंका मिळते. केळीच्या पानावर भाजलेला तो केक जुन्या काळी याच तुबाने फुगवीत. हे सारे तिने इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितले. पाव खाऊन म्हणाली, साखर थोडी वाढवा. मग सौं.कडे तांदळाचे पीठ आणि केळीचे पान मागितले. सौ. परसात गेल्या त्या एक सोडून चार पाने कापून घेऊन आल्या.

मुलगा ओट्याला टेकून कॉफी पीत होता. आम्ही त्याला म्हटले, पासपोर्टचा अर्ज आता संगणकावर भरतात म्हणे, तो आजच भरून दे. त्याने कप खाली ठेवला आणि जन्मतारीख विचारली, जणू त्याला ती माहीतच नव्हती.