‘आम्ही’ आणि ‘आपण’ : एका अस्वस्थ वर्षाची नोंद



सर्वनामांच्या घटकाकडे वळण्यापूर्वी तुम्हांला एका वर्षाची हकीकत सांगावीशी वाटते. ते वर्ष २०२४. परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना त्याची आठवण करून द्यावी लागणार नाही. इतरांनाही ते फारसे अनोळखी वाटणार नाही. फेब्रुवारीत विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनात मराठा आरक्षणाचे विधेयक संमत झाले. तरीही आंदोलने थांबली नाहीत, आणि ओबीसी समाजातही आपल्या वाट्याविषयीची चिंता वाढत गेली. २६ एप्रिलला लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झाले. या साऱ्या काळात पारावर, चहाच्या टपरीवर आणि प्राध्यापक-कक्षातही दोन शब्द सतत कानांवर येत होते : ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’.

मी भाषाविज्ञान शिकवतो. सर्वनामांचा पाठ मी कित्येक वर्षे एकाच उदाहरणाने सुरू करीत आलो आहे. ‘आम्ही उद्या गंगाखेडला जाणार आहोत’ असे मी तुम्हांला म्हणालो, तर त्या प्रवासात तुम्ही नाही. ‘आपण उद्या गंगाखेडला जाणार आहोत’ असे म्हणालो, तर तुम्हांलाही पिशवी भरायला हवी. प्रथमपुरुषी अनेकवचनाची ही दोन रूपे आहेत : एक श्रोत्याला वगळणारे, दुसरे त्याला सामावून घेणारे. संस्कृतात हा भेद नाही. प्रमाण हिंदीच्या ‘हम’मध्ये आणि इंग्रजीच्या ‘वुई’मध्येही नाही. तेलुगूत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनमु’ आहेत, तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ आहेत. म्हणून द्राविडी भाषांशी घडलेल्या दीर्घ सहवासातून हा भेद मराठीत रुजला, असे अनेक अभ्यासक मानतात. शब्द मात्र घरचाच आहे. संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतात ‘अप्पण’ आणि त्यातून ‘आपण’ असा त्याचा प्रवास झाला. म्हणजे भेद शेजाऱ्याकडून आला आणि त्यासाठी शब्द आपण आपल्या कोठारातून काढून दिला. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या हैदराबाद संस्थानात परभणी १९४८ पर्यंत होती, हे लक्षात घेतले तर या देवघेवीचे फार नवल वाटत नाही.

हा पाठ मी इतक्या वेळा शिकवला होता, की त्याचा अर्थ माझ्यापुरता झिजून गेला होता. तो पुन्हा जिव्हारी लागला तो एप्रिलमध्ये.

इतिहास शिकवणारे माझे एक सहकारी आहेत. आमची पंचवीस वर्षांची मैत्री. महाविद्यालयीन रिवाजाप्रमाणे आम्ही एकमेकांना ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणतो. मतदानाच्या आठवड्यात आरक्षणावरून आमच्यात वाद झाला. आवाज चढत गेले आणि ते म्हणाले, “तुम्हा लोकांना हे कधीच कळणार नाही.” पंचवीस वर्षे त्यांचे ‘तुम्ही’ हे माझ्यासाठी आदरार्थी बहुवचन होते. त्या क्षणी ते खरोखरीचे बहुवचन झाले. मी एक माणूस उरलो नाही. एका जमावाचा भाग झालो. आणि मी काय केले? मीही “आम्ही” या शब्दानेच उत्तर दिले. त्यानंतर आमचा चहा बंद झाला. कक्षात दोघांच्या खुर्च्या जागच्या जागीच होत्या. बोलणे तेवढे संपले होते.

त्या अस्वस्थतेतून मी जूनमध्ये आमच्या अभ्यासकेंद्रावरील विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय दिला. महिनाभर एक वही जवळ ठेवा. ‘आम्ही’ कोठे ऐकू येते आणि ‘आपण’ कोठे, एवढेच टिपून ठेवा. महिना संपला तरी काहींच्या वह्या थांबल्या नाहीत. या वर्गात एसटीचे वाहक होते, अंगणवाडीसेविका होत्या, शेती करून पदवी पुरी करू पाहणारे होते. अपेक्षेप्रमाणे वह्यांत ‘आम्ही’चीच गर्दी होती. मोर्चे, बैठका, भ्रमणध्वनीवरील संदेश, लग्नाच्या पंगतीसुद्धा.

मग सप्टेंबर उजाडला. महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली; ओढे-नाले पात्र सोडून वाहू लागले, सोयाबीन पाण्याखाली गेले. पुढच्या संपर्कसत्राला आलेल्या एका अंगणवाडीसेविकेने आपली वही वाचून दाखवली. तिच्या गावात सखल वस्तीत पाणी शिरले तेव्हा लोकांना शाळेत हलवावे लागले. सहा महिने एकमेकांच्या पारावर न बसणारी माणसे त्या रात्री एकाच चुलीवरची खिचडी खात होती. तिने टिपलेली वाक्ये साधी होती : “आपल्याकडं किती पोती तांदूळ हाय?” “आपली म्हातारी माणसं मोजा आधी.” खाली तिने लिहिले होते, ‘त्या रात्री एकदाही आम्ही ऐकू आले नाही. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा ऐकू आले.’

हे दुसरे वाक्य मला अधिक मोलाचे वाटले. तिने खोटा दिलासा दिला नव्हता. चांगले दिसले ते लिहिले आणि ते किती दिवस टिकले तेही लिहिले. भाषेच्या अभ्यासकाने याहून निराळे काय करायचे असते?

एका एसटी वाहकाची नोंद उलट्या बाजूची होती. प्रचारसभेत वक्ता ‘आपण’ म्हणतो तेव्हा समोरच्यांना जवळ घेतो. पण त्याच वाक्यात न आलेल्या कोणाला तरी बाहेर ढकलतो. म्हणजे ‘आपण’ हा शब्दही आपोआप निर्मळ ठरत नाही. तो कोणाच्या विरोधात उच्चारला जात आहे, हे पाहावे लागते. व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात मला हा मुद्दा इतक्या नेमकेपणाने मिळाला नव्हता.

३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्याचे वृत्त आले. बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृत यांनाही तो त्याच दिवशी मिळाला. प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल २०१३मध्येच तयार होता. निर्णयास अकरा वर्षे लागली. मला आनंद झाला, हे कबूल करतो. त्या आनंदात गंगाखेडच्या जनाबाईंची आठवण झाली. दासी म्हणून राबलेल्या त्या बाईच्या शब्दांवाचून मराठीचे प्राचीनत्व अपुरे राहिले असते. अभिजात ठरलेली भाषा ही अशा बिननावाच्या, दळणकांडण करणाऱ्या माणसांनीही घडवलेली आहे. ती कोणा एकाची ‘आमची’ नाही.

वर्ष येथेच संपले असते तर बरे झाले असते. १० डिसेंबरला परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. जमावबंदी लागू झाली, धरपकड झाली. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीतील एका तरुणाचा मृत्यू झाला. तो विधी शाखेचा विद्यार्थी होता. त्या रविवारचे आमचे संपर्कसत्र रद्द झाले होते. कोणताही उजळ क्षण या मृत्यूची भरपाई करीत नाही, आणि तसा हिशेब मांडणे हा मी अपराध समजतो.

तरीही एक नोंद माझ्या वहीत आहे, ती येथे देतो. ११ डिसेंबरच्या रात्री उशिरा माझा दूरध्वनी वाजला. आठ महिन्यांनंतर त्या सहकाऱ्यांचा आवाज. ना क्षमायाचना, ना ख्यालीखुशाली. ते एवढेच म्हणाले, “सर, आपली पोरं सुखरूप आहेत का? केंद्रावरची?” मी म्हणालो, “आपण मिळून यादी करू. अर्धी नावं तुम्ही घ्या.” मध्यरात्र उलटेपर्यंत आम्ही दोघे एकेका विद्यार्थ्याला दूरध्वनी करीत होतो. आरक्षणाविषयीचे आमचे मतभेद त्या रात्रीही होते आणि आजही आहेत. फक्त आता ते चहाच्या टेबलावर असतात.

जानेवारीतील पहिल्या संपर्कसत्राची सुरुवात आम्ही संविधानाच्या उद्देशिकेच्या सामूहिक वाचनाने केली. वाचन झाल्यावर त्याच अंगणवाडीसेविकेने विचारले, “सर, उद्देशिका ‘आम्ही’ने का सुरू होते? ‘आपण’ने का नाही?” मला क्षणभर उत्तर सुचेना. मग आम्ही सर्वांनी मिळून शब्दांचा माग काढला. उद्देशिकेत संविधान देणारे आणि घेणारे एकच आहेत. लोक ते स्वतःलाच अर्पण करतात. समोर ऐकणारा कोणी वेगळा उरतच नाही. जो ती वाचतो, तो बोलणारा होतो. म्हणून ते ‘आम्ही’ कोणाला वगळू शकत नाही. वगळणारे सर्वनाम तेथे कोणालाच बाहेर ठेवत नाही. इतकी वर्षे ती वाचूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते; ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने आणून दिले.

तेव्हा मित्रहो, हा घटक अभ्यासताना तुम्हीही एक वही ठेवा. परिसरात, घरात, कामाच्या ठिकाणी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचे प्रयोग महिनाभर टिपा. कोणी, कोणाशी बोलताना, कोणत्या प्रसंगी तो शब्द वापरला, आणि त्या वेळी कोण बाहेर राहिले, हे प्रत्येक नोंदीखाली लिहा. आवडलेल्या नोंदींबरोबर न आवडलेल्याही ठेवा. आणि शक्य झाल्यास एक पान स्वतःच्या बोलण्यासाठी राखून ठेवा. माझ्या वहीतील ते पान एप्रिलपासून सुरू होते.