फुकटची मेजवानी

फुकट मिळणाऱ्या गोष्टीलाही कष्ट पडतात, हे मला मिरजगावच्या आमच्या माळवदाने शिकविले. १९७३ पासून सिंहगडावरून मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम दिसू लागले. गड शंभरावर किलोमीटर दूर. पण या लहरी सरळ रेषेत धावतात आणि गड सुमारे १३०० मीटर उंच! म्हणून लांबलचक बांबूवर अँटेना बांधायचा, तोंड मावळतीकडे. मी बांबू फिरवी, खालून आई ओरडे, “थांब, मुंग्या गेल्या!” मग सारी आळी सतरंजीवर!

ते जुने प्रक्षेपण आता बंद झाले. २००४ साली सुरू झालेली दूरदर्शनची छत्री दरमहा वर्गणी न घेता उपग्रहावरून चित्रे आणते, तीही मुंग्यांविना. मात्र बातम्या पाहताना आई एकटीच असते. छत्री काही आळीला हाक मारीत नाही. ती मलाच मारली पाहिजे.